ब्रुटन पॅरिश चर्च नेमकं किती सालचं?

प्रश्न थोडक्यात असा. एक निवृत्त शिक्षक मुलीकडे अमेरिकेत, व्हर्जिनियाला गेले होते. विल्यम्सबर्ग गावातलं ब्रुटन पॅरिश चर्च त्यांनी पाहिलं. एका ठिकाणी १६७४ साल वाचलं, दुसरीकडे १७१५, मनोऱ्याबद्दल कुणी १७६९ म्हणालं आणि आत गेल्यावर कळलं की १९०७ मध्ये सगळं ‘पूर्ववत’ केलं. मग खरं साल कोणतं? दुसरा प्रश्न, इंग्रजांच्या वसाहतीत इंग्रजांनी बांधलेलं चर्च, तर ते ‘चर्च ऑफ इंग्लंड’ न राहता ‘एपिस्कोपल’ कसं झालं? सोबत त्यांनी मनोऱ्याचा जवळून काढलेला एक फोटो जोडलाय आणि विचारलंय, इथल्या विटांचा रंग मागच्या भिंतीपेक्षा निराळा का दिसतो?

जुन्या चुन्याच्या इमारतींची दुरुस्ती हे गेली अठ्ठावीस वर्षं माझं काम. विल्यम्सबर्गला दोनदा जाणं झालं, दोन्ही वेळा भिंतीला नाक लावून उभा राहिलो आणि बरोबरच्या मंडळींना ताटकळत ठेवलं. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात तुमच्या फोटोपासून करू, कारण उत्तर त्यातच आहे. रंग निराळा दिसतो कारण वीट निराळी आहे. चर्चचा मुख्य भाग १७१५ मध्ये पुरा झाला. मनोरा १७६९ मध्ये बेंजामिन पॉवेल या बांधकामाच्या ठेकेदाराकडे गेला. मधे अर्धं शतक. तेवढ्यात मातीची खाण बदलते, भट्टी बदलते, विटा पाडणारे हात बदलतात. आपल्याकडे वाड्याला मागाहून जोडलेली खोली जशी लगेच ओळखू येते, तसंच हे. म्हणजे ‘हे चर्च किती सालचं’ या प्रश्नाला एकच आकडा देणारा माणूस तुम्हाला एक तर फलक वाचून दाखवतोय किंवा घाईत आहे. तुम्ही वाचलेली चारही सालं खरी आहेत, फक्त ती चार वेगवेगळ्या गोष्टींची आहेत.

१६७४ हे साल इमारतीचं नाहीच. ते पॅरिशचं आहे. वसाहतीच्या काळात व्हर्जिनियात पॅरिश म्हणजे नुसता भाविकांचा गट नव्हता. आपल्या महसुली सर्कलसारखा तो जमिनीचा एक तुकडा होता आणि त्या तुकड्यावर राहणारा प्रत्येक जण, त्याला पटो न पटो, त्या चर्चचा असे. रविवारी हजेरी कायद्याने लागे, दांडी मारली तर दंड. पॅरिशचा कारभार बारा-एक बड्या जमीनदारांची समिती बघे, तिला व्हेस्ट्री म्हणत. अनाथ पोरं, निराधार म्हातारी माणसं, शेताच्या हद्दींची ठराविक वर्षांनी फेरतपासणी, हे सगळं व्हेस्ट्रीकडे. या भागाचं नाव तेव्हा मिडल प्लँटेशन होतं. विल्यम्सबर्ग हे गाव अजून जन्मालाही आलं नव्हतं. शेजारशेजारचे पॅरिश एकत्र करून १६७४ मध्ये ब्रुटन पॅरिश झाला. नाव आलं इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या ब्रुटन गावावरून, कारण इथले लडवेल बंधू आणि गव्हर्नर विल्यम बर्कली या मंडळींचं मूळ तिकडचं.

पॅरिश झाला, पण विटांचं चर्च व्हायला १६८३ उजाडलं. कर्नल जॉन पेज यांनी जागा दिली आणि वर २० पौंड दिले. ६ जानेवारी १६८४ ला, एपिफनीच्या सणाला, त्याचं अर्पण झालं. रोलंड जोन्स हे पहिले रेक्टर, म्हणजे पॅरिशचे मुख्य पाद्री. ते चर्च आज उभं नाही. ते कसं दिसत होतं हे आपल्याला कळतं ते फ्रान्झ लुडविग मिशेल नावाच्या एका स्विस प्रवाशाने १७०२ मध्ये काढलेल्या छोट्याशा चित्रावरून: भिंतींना बाहेरून आधाराचे धिरे, दोन्ही टोकांना नागमोडी कडांच्या उंच त्रिकोणी भिंती. त्याचा पाया आजच्या चर्चच्या शेजारी, आवारातच जमिनीखाली आहे. तो पाया कसा सापडला याची एक चक्रम गोष्ट आहे, ती पुढे.

गावाचं नशीब फिरलं १६९९ मध्ये. त्याआधी १६९३ मध्ये इथे विल्यम अँड मेरी कॉलेज निघालं होतं. व्हर्जिनियाची तेव्हाची राजधानी जेम्सटाउन; तिथलं सरकारी सभागृह जळालं, हवाही दलदलीची, डासांची. राजधानी मिडल प्लँटेशनला हलवली आणि राजाच्या नावावरून गावाला विल्यम्सबर्ग म्हणू लागले. आता विचार करा, खेड्यातलं चर्च, आणि अधिवेशनाच्या दिवसांत तिथे गव्हर्नर, त्यांचं सल्लागार मंडळ, कायदेमंडळाचे सभासद, कॉलेजची पोरं आणि कोर्टाच्या कामाला आलेले तालुक्याचे लोक. हजेरी सक्तीची, बसायला जागा नाही, आणि छपराची अवस्थाही बरी नव्हती. व्हेस्ट्रीने १७०६ पासूनच नव्या चर्चची भाषा सुरू केली. पैशांवरून घोडं अडलं होतं.

इथून पुढचा भाग माझ्या खास आवडीचा, कारण एका इमारतीच्या नकाशात राजकारण इतकं उघड क्वचितच दिसतं. १७११ च्या मार्चमध्ये गव्हर्नर अलेक्झांडर स्पॉट्सवुड यांचा नकाशा व्हेस्ट्रीपुढे आला. तो मांडला रेक्टर जेम्स ब्लेअर यांनी. चर्चची लांबी ७५ फूट, आतली रुंदी २८ फूट, आणि दोन बाजूंना दोन पंख, त्यांची रुंदी २२ फूट. म्हणजे वरून पाहिलं तर क्रूस. गव्हर्नरांचा प्रस्ताव असा होता की ७५ पैकी ५३ फूट तुम्ही बांधा, उरलेल्याचं आम्ही बघतो. आता ७५ मधून ५३ वजा करा. २२. पंखांची रुंदीही २२. सरकारने जो भाग स्वतःकडे घेतला, तो म्हणजे क्रूसाचा बरोब्बर मधला चौक आणि त्याचे दोन हात. गव्हर्नर, सल्लागार आणि सभासद बसणार ती जागा सरकारने बांधायची. पश्चिमेचं आणि पूर्वेचं टोक, जिथे गावकरी बसणार आणि वेदी असणार, ते गावाने बांधायचं. वर्गणीची वाटणी जमिनीवर आखून दिलेली! क्रूसाचा आकार धर्मासाठी होता हे खरंच, पण तो सोयीचाही निघाला. मध्यभागी गव्हर्नरांची छत्रीदार बैठक आली ती अशी.

काम जेम्स मॉरिस यांना मिळालं आणि १७१५ मध्ये चर्च वापरात आलं. पुढे १७५२ मध्ये पूर्वेकडचा आखूड हात वाढवून पश्चिमेच्या हाताएवढा केला, १७५४ मध्ये सॅम्युअल स्पर यांनी कब्रस्तानाभोवती विटांची भिंत घातली, आणि १७६९ मध्ये मनोरा. मनोऱ्याचा खालचा भाग विटांचा, वर अष्टकोनी लाकडी कळस. आत लटकणारी घंटा मनोऱ्याहून जुनी आहे. जेम्स टार्पली या व्यापाऱ्याने १७६१ मध्ये दिलेली, तसं तिच्यावर कोरलेलं आहे.

भिंतीबद्दल चार वाक्यं लिहिल्याशिवाय राहवत नाही. पुन्हा गेलात तर चर्चच्या लांब भिंतीसमोर पाच-सहा फुटांवर उभे राहा आणि एकच थर डोळ्यांनी आडवा वाचत जा. एक वीट लांब बाजूने दिसेल, शेजारची नुसत्या तोंडाने, मग पुन्हा लांब, पुन्हा तोंड. या रचनेला फ्लेमिश बाँड म्हणतात. त्यातल्या तोंडाच्या काही विटा निळसर-करड्या आणि काचेसारख्या चकचकीत आहेत. तो रंग कोणी लावलेला नाही. लाकडावर पेटवलेल्या भट्टीत जी वीट जाळाच्या अगदी जवळ येते, तिच्या तोंडावर राखेतला क्षार आणि मातीतली वाळू वितळून काच होते. आपल्याकडचा गवंडी अशी वीट ‘जास्त भाजली’ म्हणून बाजूला टाकेल. तिथल्या गवंड्याने तीच निवडून नक्षीसारखी वापरली. दरजांमधला चुना त्या किनाऱ्यावर कालवांच्या शिंपल्या जाळून करत, आपल्या कोकणात शिंपल्यांचा चुना पाडत तसाच. शिंपल्या नीट जळल्या नसतील तर जुन्या दरजांत त्यांचे पांढरे कण नुसत्या डोळ्यांना दिसतात. अशा भिंतीत सिमेंटने दरजा भरणाऱ्याला मी तरी क्षमा करणार नाही. चुना मऊ असतो, भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बुजते आणि ओल विटेतून निघू लागते. दहा-पंधरा पावसाळ्यांत दरज जशीच्या तशी राहते आणि वीटच पोखरून निघते. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी जुन्या इमारतींत हे पाहून झालंय.

आता आतली माणसं. जेम्स ब्लेअर हे स्कॉटिश गृहस्थ १७१० ते १७४३ इथले रेक्टर होते. विल्यम अँड मेरी कॉलेज यांनीच काढलं आणि मरेपर्यंत त्याचे अध्यक्ष राहिले. शिवाय ते लंडनच्या बिशपचे व्हर्जिनियातले कमिसरी, म्हणजे मुखत्यार. हे पद समजून घ्या, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची गुरुकिल्ली इथे आहे. अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींत स्वातंत्र्यापर्यंत एकही बिशप नव्हता. कागदोपत्री सगळे लंडनच्या बिशपखाली, आणि लंडन समुद्रापलीकडे दोन महिन्यांवर. कुणाला पाद्री व्हायचं तर दीक्षेसाठी जहाजाने इंग्लंडला जा. त्यामुळे प्रत्यक्ष सत्ता व्हेस्ट्रीतल्या जमीनदारांची, आणि त्यांच्याशी व गव्हर्नरांशी झुंजणारा कमिसरी. ब्लेअर या झुंजीत भलतेच तयार होते. अँड्रॉस, निकल्सन आणि खुद्द नकाशा देणारे स्पॉट्सवुड, अशा तीन गव्हर्नरांची गच्छंती व्हायला त्यांचा हातभार लागला.

पाद्र्याचा पगार तंबाखूत असे. १६९६ च्या कायद्याप्रमाणे वर्षाला १६,००० पौंड (वजनाचे) तंबाखू. हा कर माणशी बसे, आणि त्या मोजणीत सोळा वर्षांवरचे गोरे पुरुष आणि त्याच वयाचे गुलाम, पुरुष व बायका दोन्ही, धरले जात. गुलामांचा कर अर्थात मालक भरे, आणि तो ज्या तंबाखूने भरे ती पिकवणारे हातही गुलामांचेच. चर्चच्या विटांचा आणि पाद्र्याच्या भाकरीचा हिशेब शेवटी त्या शेतांवर जाऊन पोचतो. १७५८ मध्ये पीक बुडालं, तंबाखूचा भाव पौंडाला सहा पेन्सच्या आसपास चढला, तेव्हा कायदेमंडळाने ठरवलं की पाद्र्यांना पौंडामागे दोन पेन्सच्या दराने रोख द्यायचे. पाद्री खवळले. त्यांचे पुढारी जॉन कॅम, कॉलेजचे प्राध्यापक, थेट इंग्लंडला जाऊन राजाकडून तो कायदा रद्द करवून आले. पुढे हॅनोव्हर परगण्यात एका पाद्र्याने थकबाकीचा दावा लावला तेव्हा पॅट्रिक हेन्री नावाच्या तरुण वकिलाने उलट बाजूने असं काही भाषण ठोकलं की पंचांनी पाद्र्याला नुकसानभरपाई दिली एक पेनी. १७६३ ची ही गोष्ट. अमेरिकेच्या स्वातंत्र्यक्रांतीची पहिली ठिणगी बॉस्टनच्या बंदरात फेकलेल्या चहाच्या पेट्यांत शोधतात, पण व्हर्जिनियात ती पाद्र्यांच्या पगारात सापडते, असं माझं मत. हे कॅमसाहेब १७७१ ते १७७३ ब्रुटनचेच रेक्टर होते.

संगीताची बाजू पीटर पेलहॅम यांच्याकडे. १७५५ च्या सुमारास इथे ऑर्गन बसला आणि ते वादक झाले. वादकाच्या मानधनावर मोठं कुटुंब पोसणार कसं? म्हणून १७७१ पासून ते गावच्या तुरुंगाचे जेलरही होते. ऑर्गनचा भाता ओढायला ते तुरुंगातला एखादा कैदी बरोबर आणत असं गावात आजही सांगतात. कॉलेजच्या पोरांची सोय पश्चिमेच्या गॅलरीत. तिथल्या लाकडी कठड्यावर त्यांनी प्रवचन चालू असताना चाकूने कोरलेली आद्याक्षरं अजून आहेत. शाळेच्या बाकावर कर्कटकाने नाव कोरणाऱ्या मुलांना तुम्ही शिक्षा केली असेल. इथे तीच कोरीव अक्षरं आज आतल्या सगळ्यात अस्सल वस्तूंत मोडतात. कसं, ते पुढे येईलच.

नोंदवहीकडे वळतो. ब्रुटनच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत गुलाम मुलांची आणि मोठ्यांची एक हजाराहून जास्त नावं आहेत. नुसतं पहिलं नाव, आईचं नाव, आणि मालकाचं नाव. बापाचा रकाना नाही, आडनाव नाही. बाप्तिस्मा घेतला म्हणजे माणूस मोकळा होतो की काय, ही शंका मालकांना होती. व्हर्जिनियाच्या कायदेमंडळाने ती १६६७ मध्येच मिटवली. बाप्तिस्म्याने गुलामाच्या स्थितीत फरक पडणार नाही, असा सरळ कायदा केला. १७६० मध्ये इंग्लंडमधल्या ब्रे असोसिएट्स या धर्मादाय संस्थेने गावात काळ्या मुलांची शाळा काढली. अ‍ॅन वेगर या बाई तिथे वाचन आणि धर्मशिक्षण द्यायच्या, पोरांना ब्रुटनच्या प्रार्थनेला न्यायच्या. शाळा १७७४ पर्यंत चालली. हेतू होता गुलामांनी आपली पायरी मुकाट स्वीकारावी हा. पण एकदा वाचता आलं की माणूस काय वाचेल ते संस्थेच्या हातात राहत नाही. १७७६ च्या सुमारास याच गावात काळ्या लोकांनी स्वतःची बॅप्टिस्ट मंडळी उभी केली. तिचे पुढारी गोवन पॅम्फ्लेट खाणावळीत राबणारे गुलाम होते.

क्रांतीचे दिवस भराभर सांगतो, कारण त्याबद्दल तिथले गाइड पोटभर सांगतात. बॉस्टन बंदर बंद करण्याच्या इंग्लंडच्या कायद्याचा निषेध म्हणून कायदेमंडळाने १ जून १७७४ हा उपवासाचा आणि प्रार्थनेचा दिवस ठरवला. गव्हर्नर लॉर्ड डनमोर यांनी त्यावरून कायदेमंडळच बरखास्त केलं. सभासद तरीही ब्रुटनमध्ये जमले. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या रोजनिशीत त्या दिवशी चर्चला गेल्याची आणि दिवसभर उपास केल्याची एका ओळीची नोंद आहे. त्यांच्या पत्नी मार्था यांची पहिल्या लग्नाची, लहानपणीच गेलेली दोन मुलं याच आवारात पुरलेली आहेत.

आता ‘एपिस्कोपल’. पाद्र्याला दीक्षेच्या वेळी इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे आणि रोजच्या प्रार्थनेत राजासाठी मागणं होतं. १७७६ मध्ये राजाच नको म्हटल्यावर हे लोक मोठ्या पेचात सापडले. काही इंग्लंडला परतले, काही गप्प बसले, काहींनी प्रार्थनेतली ती ओळ गाळली. ‘चर्च ऑफ इंग्लंड’ हे नाव स्वतंत्र देशात चालणार नव्हतं. पण त्यांची श्रद्धा, प्रार्थनापुस्तक, बिशपांची परंपरा तीच होती. ‘एपिस्कोपल’ याचा सरळ अर्थ बिशपांच्या व्यवस्थेने चालणारं. गंमत अशी, की नावात बिशप आणि देशात बिशप नाही. कनेक्टिकटचे सॅम्युअल सीबरी इंग्लंडला गेले, पण तिथली दीक्षा राजाच्या शपथेशिवाय मिळेना; शेवटी १७८४ मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅबरडीनमध्ये, राजाला न मानणाऱ्या बिशपांकडून त्यांनी दीक्षा घेतली. मग इंग्लंडच्या संसदेने कायदा बदलला. व्हर्जिनियाचे पहिले बिशप जेम्स मॅडिसन यांना १७९० मध्ये इंग्लंडमध्येच दीक्षा मिळाली. हे राष्ट्राध्यक्ष मॅडिसन नव्हेत, त्यांचे भाऊबंद. विल्यम अँड मेरीचे अध्यक्ष. १७८९ मध्ये फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात नव्या चर्चची घटना आणि अमेरिकी प्रार्थनापुस्तक मंजूर झालं. तुम्ही वाचता ते नाव तिथून पक्कं झालं.

मुंबईच्या सेंट थॉमस कथीड्रलशी तुलना मनात येणं साहजिक आहे, ज्याच्यावरून ‘चर्चगेट’ हे नाव पडलं. तीही त्याच इंग्रजी चर्चची शाखा. गव्हर्नर जेरल्ड ऑंजिए यांनी १६७० च्या दशकात पाया घातला, काम चाळीस वर्षं रखडलं आणि १७१८ च्या नाताळात ते उघडलं, ब्रुटनच्या आजच्या इमारतीनंतर अवघ्या तीन वर्षांनी. तिथलाही मनोरा मागाहूनचा, १८३८ चा. पण मुंबईला १८३७ मध्ये स्वतःचा बिशप मिळाला, राजवट टिकली, सरकारी आश्रय टिकला. ब्रुटनचा आश्रय एका पिढीत आटला.

आटला म्हणजे कसा? १७७६ मध्येच इतर पंथीयांना चर्चच्या करातून सूट मिळाली, थोड्याच वर्षांत कर पुरता गेला. १७८० मध्ये राजधानी रिचमंडला हलली, म्हणजे गव्हर्नरांची छत्री रिकामी. १७८६ च्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याने सरकार आणि चर्च यांची फारकत झाली. १८०२ मध्ये तर पाद्र्याच्या इनाम शेतजमिनी विकायचा कायदा आला. जॉन ब्रॅकन १७७३ ते १८१८ रेक्टर राहिले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत राजधानीचं चर्च एका पेंगुळलेल्या गावाचं चर्च झालं. १८३९ च्या सुमारास मंडळींनी आत मधोमध आडवी भिंत घालून अर्धा भाग रविवारच्या शाळेला दिला, उंच दाराच्या जुन्या बैठका काढल्या, व्यासपीठ हलवलं. आजचे जतनवाले या बदलांवर नाक मुरडतात. मला तो राग पटत नाही. मंडळी शंभर, इमारत पाचशेची, हिवाळ्यात शेकोटी पुरत नाही. तुम्ही काय केलं असतं? वापरात राहिली म्हणूनच ती पडली नाही. मे १८६२ मध्ये गावाच्या वेशीवर यादवी युद्धाची लढाई झाली तेव्हा हेच चर्च जखमींचं इस्पितळ होतं.

आणि मग १९०३ मध्ये डब्ल्यू. ए. आर. गुडविन नावाचे रेक्टर आले. जेम्सटाउनच्या वसाहतीला १९०७ मध्ये तीनशे वर्षं होणार होती. तोवर चर्च वसाहतकाळात होतं तसं करायचं असं त्यांनी मनावर घेतलं. न्यूयॉर्कचे वास्तुविशारद जे. स्टुअर्ट बार्नी यांच्या देखरेखीखाली १९०५ ते १९०७ काम झालं. मधली भिंत पाडली, जुनी मांडणी परत आणली. जमीन उकरताना खाली कबरीच कबरी सापडल्या. राजे सातवे एडवर्ड यांनी बायबल भेट दिलं, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते ठेवायचं पीठ. तुम्ही ऐकलेलं १९०७ ते हे.

गुडविन मधे दुसरीकडे गेले, १९२३ मध्ये कॉलेजात शिकवायला परतले आणि मग त्यांच्या डोक्यात आख्खं गावच आलं. जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर या गडगंज श्रीमंत गृहस्थांना त्यांनी हळूहळू पटवलं. खरेदी गुपचूप, गुडविन यांच्या नावावर, कारण रॉकफेलर हे नाव फुटलं असतं तर भाव आभाळाला भिडले असते. पहिल्या घराला परवानगी देणाऱ्या तारेत रॉकफेलर यांनी घराचा उल्लेख ‘जुनी वस्तू’ असा केला आणि खाली सही केली ‘डेव्हिडचे वडील’. जून १९२८ मध्ये गावसभेत खुलासा झाला. पुढे नंतरच्या काळातल्या शेकडो इमारती पाडून अठराव्या शतकातलं गाव पुन्हा उभं केलं गेलं. गुडविन १९३९ मध्ये वारले, त्यांना चर्चच्या आतच पुरलंय. त्याच सुमारास चर्चचं दुसरं, जास्त अभ्यासू जतनकाम झालं.

म्हणून स्पष्ट सांगतो: बाहेरच्या भिंती अठराव्या शतकातल्या, पण आतल्या बैठका, व्यासपीठ, गव्हर्नरांची छत्री यातलं बहुतेक विसाव्या शतकातलं काम आहे. पुराव्यावरून केलेलं, चांगलं केलेलं, तरी नवंच. म्हणूनच गॅलरीतली ती पोरांची आद्याक्षरं मोलाची. आणि ‘पूर्ववत’ करताना कोणाचं पूर्व राखायचं हेही कुणीतरी ठरवतं. त्या काळ्या बॅप्टिस्ट मंडळींचं नॅसॉ स्ट्रीटवरचं १८५६ चं विटांचं चर्च १९५० च्या दशकात पाडलं आणि पुढे त्या जागेवर गाड्या उभ्या राहू लागल्या. २०२० पासून तिथे उत्खनन झालं तेव्हा पहिल्या चर्चचा पाया आणि साठाहून जास्त कबरी निघाल्या. ब्रुटनपासून चालत जाण्याइतकीच ती जागा आहे.

राहिली ती चक्रम गोष्ट. १९३० च्या दशकात काही लोकांच्या डोक्यात बसलं की फ्रान्सिस बेकन या जुन्या इंग्रज तत्त्वज्ञाची गुप्त हस्तलिखितं ब्रुटनच्या आवारात एका तळघरात पुरलेली आहेत. कबरींवरच्या अक्षरांत सांकेतिक खुणा आहेत वगैरे. १९३८ मध्ये खोदायची परवानगी मिळाली. तळघर काही मिळालं नाही, मिळाला तो १६८३ च्या चर्चचा पाया! १९९१ मध्ये काही मंडळींनी रात्री कुंपणावरून येऊन पुन्हा खणलं, पोलीस, कोर्ट झालं. अखेर १९९२ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी रीतसर खोल खड्डा घेतला. खाली कोणाचाही हात न लागलेली माती होती.

पुढच्या वेळी जाल तर लक्षात ठेवा, चर्च आजही मंडळींच्या मालकीचं आहे, जतन केलेल्या गावाच्या संस्थेच्या नव्हे, त्यामुळे गावाचं तिकीट काढायची गरज नाही. रविवारी उपासना चालते तेव्हा मात्र कॅमेरा खिशात. ऊन तिरकं पडलेलं असताना लांब भिंतीपाशी जा, चकचकीत विटा तेव्हाच चमकतात. तिथून मनोऱ्यापर्यंत भिंतीला हात लावत चला. तुमच्या फोटोतला रंग जिथे बदलतो तो कोपरा लागेल, आणि तिथे तुमचा एक हात १७१५ वर असेल, दुसरा १७६९ वर.